झंडीवाल्याच्या डोळ्यातली काच

लटारूभाऊ भोयरांच्या आणि आमच्या घरामधली भिंत मातीची आहे, आणि हळू बोलणं म्हणजे काय ते लटारूभाऊंना ठाऊक नाही. त्यामुळे पुढचं सगळं चोरून ऐकलेलं आहे असं कोणी म्हणू नये. न ऐकण्यासाठी जे कष्ट घ्यावे लागले असते ते आमच्या घरात कोणी घेतले नाहीत, एवढंच.

लटारूभाऊ धानाचे शेतकरी. चंद्रपूरकडे मूल गावाच्या बाजूला जशी सगळ्यांची असते तशी त्यांची थोडी जमीन आहे, पण धानासाठी त्यांना कोणी ओळखत नाही. माघात धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या गावात शंकरपट भरतो. दोन बैलजोड्या, दोन हलके छकडे, पळायला शेजारी शेजारी दोन सरळ पट्ट्या आणि त्यांच्या शेवटी चुन्याच्या रेघेवर लाल झंडी घेऊन उभे लटारूभाऊ. जी जोडी आधी रेघ ओलांडेल तिच्या बाजूला झंडी पडते. पडली की पडली. मग जोडीवाला आमदाराचा माणूस असो की आमदाराचा बैल असो.

ही झंडी वर्षातून एकदाच हातात येते, पण लटारूभाऊ ती बाराही महिने धरून असतात. पटात जोडी असलेल्या माणसाचा ते चहा पीत नाहीत. "नको गा भाऊ. मी सांगतो न, तुयी जोडी हाये पटात." कोलू म्हातारा बिचारा बकऱ्या राखतो. त्याने एकदा बिडी पुढे केली तर लटारूभाऊ म्हणाले, "नको. आज बकऱ्या हायेत, उद्या बैल घेशीन." कोलूने बैल घ्यायचा विचार आयुष्यात केलेला नाही, पण त्या दिवशी तो छाती काढून घरी गेला.

तर अशा माणसाला चष्मा. आणि चष्मा म्हणजे कसा, सोड्याच्या बाटल्यांची दोन बुडं कापून तारेत बसवावे तसा. मागे रबरी नाडा, नाकावर चिंधी. लहानपणापासूनचा. चष्मा काढला की लटारूभाऊ बैलाला नमस्कार करतात आणि सोयऱ्याला हाड म्हणतात. इतकी वर्षं याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता, कारण इतकी वर्षं गुणवंतराव हरले नव्हते.

गुणवंतरावांची मूलला धानाची गिरणी आहे. गिरणीत बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला आहे की त्यांनी कानात सांगितलं तरी पट्टा फिरल्यासारखं वाटतं. मागच्या पटात त्यांची जोडी आणि आरमोरीच्या मुखरूची जोडी शेवटच्या दौडीत शिंगाला शिंग लावून आली, आणि झंडी पडली मुखरूच्या बाजूला.

"चष्मा पूस आधी," गुणवंतराव म्हणाले. "काचीवर बोटभर धूळ हाये. त्याच्यातून मायी जोडी दिसली का तुले? मले तं तुये डोळेच दिसून नाई राह्यले."

लोक हसले. लटारूभाऊंनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि परत घातला, आणि हीच चूक झाली. पुसला म्हणजे धूळ होती.

पटाच्या कमिटीचे अध्यक्ष वामनराव निवृत्त हेडमास्तर आहेत. ते स्वतः कधी काही करत नाहीत, सगळं करण्यात येत असतं. "पुढील वर्षापासून निकाल देणाऱ्या इसमाने उघड्या डोळ्यांनी निकाल द्यावा असं ठरवण्यात येत आहे," ते म्हणाले. "अन्यथा झंडी श्री. देवराव यांच्याकडे सोपवण्यात येईल." देवराव म्हणजे गुणवंतरावांचे साळे, आणि गुणवंतराव देवरावांचे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान. त्यांची नजर घारीची आहे, यात वाद नाही. ती कोणाकडे लागलेली असेल, यातही नाही.

त्या रात्रीपासून भिंतीपलीकडे एकच विषय. "झंडी गेली तं मी काय करू वो? नुसता धान पिकवू?" अंजनाबाई, म्हणजे लटारूभाऊंच्या घरच्या, शांत बाई. त्या म्हणाल्या, "बाकीचे काय करतेत?" बाकीच्यांसारखं जगावं लागेल हे लटारूभाऊंच्या डोक्यात तेव्हाच पहिल्यांदा शिरलं असावं.

उपाय आणला खुशालने. खुशाल हा त्यांचा भाचा, चंद्रपूरला वीज केंद्रात नोकरीला. तिथल्या एका साहेबाच्या बायकोच्या बुबुळावर काच बसवलेली असते आणि ती संध्याकाळी काढून डबीत ठेवते, असं तो दिवाळीला सांगत आला.

"बुबुळावर?" लटारूभाऊ म्हणाले. "खिळे ठोकतेत का?"

"चिकटते मामा आपोआप. नरम असते. साबुदाण्याच्या पापडासारखी."

"अन् लोकायले दिसते का?"

"मलेच नाई दिसली. बाईनं सांगतलं म्हणून."

झालं. उघड्या डोळ्यांनी म्हटलं होतं ना, डोळे उघडेच राहणार होते.

चंद्रपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काय झालं ते खुशालने आम्हाला इतक्या वेळा सांगितलं आहे की डॉक्टर मला तोंडपाठ आहेत. ते पुण्याकडचे. "हे बघा काका," ते म्हणाले, "डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. घालताना, काढताना हात साबणाने स्वच्छ धुवायचे. रात्री काढायच्या आणि या बाटलीतलं पाणी डबीत घालून त्यात ठेवायच्या. सकाळी डोळ्यात घातल्या की डबीतलं पाणी सगळं ओतून द्यायचं. सगळं हं. डबी उघडी ठेवून वाळवायची. रात्री पुन्हा नवीन पाणी."

"अन् आमच्या विहिरीचं चालन का जी?"

"नाही चालणार."

"गोड हाये."

"गोड असलं तरी नाही."

"गाळून घेतलं तं?"

"काका."

"बरं. अन् वावरात असलो, पाणी नसलं, तं जराशी थुकी?"

डॉक्टरांनी आपला चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, "आणि सगळ्यात महत्त्वाचं. डोळा लाल झाला, टोचायला लागलं, पाणी आलं, की त्या क्षणी काढायच्या आणि इकडे यायचं. तिथे हट्ट नको."

"हट्ट मायाजवळ नाईच जी," लटारूभाऊ म्हणाले. खुशालला तेव्हा खोकला आला होता. निघताना लटारूभाऊ दारातून वळले. "एक इचारू का? तुम्ही काऊन नाई घालत? चष्मा हाये न तुमाले."

"रोज एवढं सगळं कोण करणार," डॉक्टर म्हणाले.

लटारूभाऊंनी केलं. ज्या माणसाने तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलेल्या हाताने जन्मभर भात कालवला तो आता हात धुवायला लागला की आमच्या विहिरीचं पाणी खाली जायचं. खर्रा सुटला. नखं कापली. अंगण शिंपडल्याशिवाय ते काच डोळ्यात घालेनात, धूळ उडते म्हणून. पहिले काही दिवस भिंतीपलीकडून नुसतं "उघड न बापा, उघड" असं ऐकू यायचं. आमच्या आईला वाटलं दार अडलं असेल. ते स्वतःच्या पापणीशी बोलत होते.

आणि मग एका सकाळी लटारूभाऊ चष्म्याशिवाय चौकात आले. पिंपळावर बसलेल्या पोपटाकडे बोट करून म्हणाले, "त्याची चोच तुटली हाये थोडी." सगळ्यांनी वर पाहिलं. कोणाला पोपटच सापडेना.

"डोळ्याले काय केलं लटारूभाऊ?"

काच म्हणायची सोय नव्हती. काच म्हटलं की वामनरावांनी तीही उतरवण्यात आणली असती. लटारूभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. समोर एका बाईच्या टोपलीत आवळे होते. "आवळा," ते म्हणाले. "मी सांगतो न. सकाळी उपाशीपोटी, रोज."

जन्मभर कोणाची बिडी न घेतलेल्या माणसाचा शब्द होता. महिन्याभरात जंगलाच्या कडेच्या झाडांवर आवळा उरला नाही. माणसं सकाळी तोंड वाकडं करून एकमेकांना भेटत. देवराव, ज्यांना काहीच झालं नव्हतं, तेसुद्धा खायला लागले, झंडी मिळाली तर तयारी असावी म्हणून. गुणवंतरावांनी बैलगाडी पाठवून पोतंभर नेले आणि निरोप ठेवला की बैलांना घातले तर चालतील का.

आता ठमाबाईंचं सांगायला पाहिजे. ठमाबाई म्हणजे लटारूभाऊंच्या आई. त्यांची आंबील आमच्या गावात एक नंबर. तिचं गुपित त्या कोणालाही सांगतात. मडकं कधी पूर्ण रिकामं करायचं नाही. जुन्यातली थोडी ठेवायची, त्यावर नवी ओतायची, म्हणजे जुनी नवीला मुरवते. त्यांच्या सासूने दिलेल्या आंबिलीचा थेंब अजून या मडक्यात आहे, असं त्या म्हणतात, आणि त्यांच्या सासूला जाऊन किती वर्षं झाली ते वामनरावांनाही आठवत नाही.

अंजनाबाई रोज सकाळी डबीतलं पाणी अंगणात फेकायच्या. ठमाबाईंनी दोन-चार दिवस पाहून घेतलं.

"का वो, चांगलं औषधाचं पाणी सांडून राह्यली?"

"डॉक्टरनं सांगतलं हाये. सारं फेकाचं म्हणे."

"डॉक्टरच्या घरी आंबील करत नसतीन," ठमाबाई म्हणाल्या. "तू जाय वावरात. डबीचं मी पाहीन."

अंजनाबाईंना धानाची कापणी होती. त्यांनी डबी सासूच्या हवाली केली. आणि तेव्हापासून चंद्रपूरची बाटली संपेचना. लटारूभाऊ खुश. "पाह्य," ते अंजनाबाईंना म्हणायचे, "खुशाल म्हणे लवकर संपते. मी सांगतो न, वापरणाऱ्यावर असते." त्यांना वाटायचं, हे सगळं त्यांच्या हात धुण्याचं फळ.

पटाच्या आदल्या दिवशी डोळे लाल झाले.

भिंतीपलीकडे त्या संध्याकाळी आवाज नव्हता, म्हणून आम्ही सगळे भिंतीजवळ बसलो. अंजनाबाई म्हणाल्या, "डॉक्टरनं काय सांगतलं होतं?" लटारूभाऊ म्हणाले, "धूळ गेली असन." अंजनाबाई म्हणाल्या, "हट्ट नको म्हणे." लटारूभाऊ म्हणाले, "हट्ट कुठी हाये? उद्याचा दिवस घालतो. परवा जातो चंद्रपूरले. जे काढाचं ते परवा काढाचं." जे सांगितलं होतं ते सगळं या माणसाने पाळलं होतं. फक्त ज्याच्यासाठी ते सगळं सांगितलं होतं तेवढं सोडून.

दुसऱ्या दिवशी ते रेघेवर उभे राहिले तेव्हा डोळे पळसाच्या फुलासारखे दिसत होते.

"जागला असन रातभर," कोणी म्हणालं.

"जागून इतके नाई होत. मोहाची असन."

"लटारूभाऊ? तो पाहुण्याच्या घरचं पाणी पीत नाई, मोहाची कुठून पिते?"

गुणवंतराव खुर्चीवरून म्हणाले, "आवळा जास्त झाला वाट्टे," आणि त्यांच्या बाजूचे हसले. देवराव हसले नाहीत. ते झंडीकडे पाहत होते.

दुपारपर्यंत निभावलं. पहिल्या जोड्यांमध्ये अंतर इतकं होतं की कोलूच्या बकऱ्यांनीही निकाल दिला असता. पण ऊन चढलं, धूळ उडायला लागली, आणि लटारूभाऊंच्या गालांवरून पाणी सरळ मिशीत जाऊ लागलं. आणि शेवटची दौड आली. मागच्या वर्षीचीच. इकडे गुणवंतराव, तिकडे मुखरू.

जोड्या सुटल्या. हाकणारे छकड्यावर उभे, बैलांची शेपटं आडवी, दोन्ही बाजूंनी गर्दीचा एकच आवाज. जोड्या रेघेवरून गेल्या आणि धूळ खाली बसायला लागली.

झंडी पडली नाही.

लटारूभाऊ झंडी हातात धरून तसेच उभे. वामनराव ध्वनिक्षेपकात म्हणाले, "निकाल देण्यात यावा." तरी नाही. लटारूभाऊंसमोर दोन रस्ते होते. एका बाजूला झंडी टाकायची, गाव मानणार होतं. दुसऱ्या बाजूला टाकायची, तरी गाव मानणार होतं. एका बाजूला टाकली असती तर गुणवंतरावही गप्प बसले असते.

"मले दिसलं नाई," लटारूभाऊ म्हणाले.

मुखरू पुढे आला. "नाई दिसलं म्हंजे काय गा?"

"नाई दिसलं म्हंजे नाई दिसलं. मी सांगतो न. दोन ढग आले अन् गेले. कोन्या ढगात कोनाचे बैल होते ते मले सांगता येत नाई."

एवढं बोलून त्यांनी झंडी गुंडाळली आणि ती देवरावांकडे द्यायला हात पुढे केला. इथे सगळं संपलं, असं अंजनाबाईंना वाटलं, असं त्यांनी नंतर आईला सांगितलं.

पण गर्दीतून कोलू म्हातारा बोलला. "लटारूभाऊले नाई दिसलं, तं पाहासारखं काही नसनच."

"बराबर हाये," दुसरा म्हणाला. "पोपटाची चोच दिसते त्या माणसाले. बैल नाई दिसन का?"

"फरक असता तं दिसला असता."

"फरकच नोहोता."

वामनरावांनी घसा साफ केला. "दोन्ही जोड्या समान आल्याचं जाहीर करण्यात येत आहे."

"अजी गुरुजी," लटारूभाऊ म्हणाले, "मी समान नाई म्हटलं. दिसलं नाई म्हटलं."

"तेच ते," वामनराव म्हणाले.

गुणवंतराव तोवर आपल्या हाकणाऱ्याला गाठून आले होते. हाकणाऱ्याने मान खाली घातली होती, म्हणजे जोडी मागे राहिली होती. "मी मानतो," गुणवंतराव मोठ्याने म्हणाले. "काही झालं तरी लटारूची नजर हाये ते. त्याच्यावर शक घेणारा मी कोण?" आरमोरीवाल्यांची कुरकूर या मोठेपणापुढे टिकली नाही. बैलांना विसावा देऊन जोड्या पुन्हा सोडायचं ठरवण्यात आलं. देवरावांचा झंडीसाठी पुढे आलेला हात त्यांनी हळूच खिशात घातला.

आयुष्यात एकदा आवळ्याचं खोटं बोलले तर गावाने ऐकलं, आणि खरं बोलले तर कोणी ऐकायला तयार नाही. लटारूभाऊ मांडवामागे आपल्या बैलगाडीजवळ जाऊन बसले. अंजनाबाईंनी हातावर पाणी घातलं, साबण दिला. काच निघाली तशी पटासाठी आलेल्या खुशालने डबी उघडली. डबी ठमाबाईंनीच आणली होती, आंबिलीच्या मडक्याशेजारी जपून ठेवून, पाणी भरून. खुशालने डबी नाकाजवळ नेली आणि दूर केली.

"आजी, हे पाणी कधीचं?"

"कधीचं म्हंजे? पहिल्या दिवसापासूनचं," ठमाबाई म्हणाल्या. "रोज थोडं सांडाचं, थोडं नवं टाकाचं. हे फेकून देत होती सारं. सारं सांडलं तं नवं कायच्या भरोशावर मुरन?"

लटारूभाऊंनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "माय," ते म्हणाले, "ते मुरवाचं नोहोतं."

"मंग रातभर ठेवाचं कायले?"

अंजनाबाईंनी पदराची गाठ सोडून जुना चष्मा काढला. किती दिवसांपासून तो तिथे बांधलेला होता, त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी तो नवऱ्याच्या नाकावर ठेवला आणि मागून नाडा ओढला.

रेघेवर चष्मा पाहताच गुणवंतराव उठले. "वामनराव, हे काय?"

"मघा उघड्या डोळ्यानं पाह्यलं तं दिसलं नाई," लटारूभाऊ म्हणाले. "आता चष्म्यानं पाहून घेतो. मले दिसलं ते सांगीन. नाई दिसलं तं झंडी देवरावले देऊन घरी जाईन."

"किती सावध माणूस हाये पाह्य," कोलू म्हणाला. "दोन्हीकडून तपासते."

"सूचना मान्य करण्यात येत आहे," वामनराव म्हणाले.

जोड्या आल्या. लटारूभाऊंनी लाल डोळ्यांनी, जाड काचेतून, पाणी गळत असताना पाहिलं आणि झंडी मुखरूच्या बाजूला टाकली. बैलाच्या नाकपुडीचं अंतर असेल. गुणवंतरावांनी तोंड उघडलं. पण घटकाभरापूर्वी साऱ्या पटासमोर याच नजरेला त्यांनी दाखला दिलेला होता, तेव्हा ते तोंड त्यांना जांभई देऊन मिटावं लागलं.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी खूप ऐकवलं. थोडं उशिरा आले असते तर बुबुळावर कायमचा डाग राहिला असता, म्हणाले. थेंब दिले, डोळे बरे झाले. पुन्हा काच घालायची असेल तर नवीन डबी, नवीन बाटली, आणि या वेळी डबी स्वतः सांभाळायची, असंही म्हणाले. लटारूभाऊंनी हात जोडले. "नको जी. तुमाले जमत नाई तं मले कायले."

जुनी डबी फेकायला काढली होती ती ठमाबाईंनी घेतली. डाव्या बाजूला तंबाखू, उजवीकडे चुना. चुना संपत आला की त्यावरच नवा घालतात.

आवळ्याचं मात्र चालूच आहे. लटारूभाऊंच्या नाकावर चष्मा परत आला तरी कोणी खायचा थांबला नाही. उलट बोललं जातं की लटारूभाऊंनी आवळा सोडला म्हणून असं झालं.

आणि कमिटीने नियम बदलला आहे. शेवटच्या दौडीचा निकाल चष्म्यातूनही पाहून घेण्यात यावा, म्हणून यापुढे झंडीवाल्याजवळ चष्मा असणं आवश्यक राहील. परवा संध्याकाळी देवराव पलीकडे आले होते. मूलच्या बाजारातून नवा चष्मा आणला होता, तो दाखवायला.

"नंबर किती हाये गा?" लटारूभाऊंचा आवाज आला.

"नंबर नाई. साधी काच हाये."

"मंग कसं जमन?" लटारूभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती. "मी सांगतो न देवराव, तुये डोळे खराब होईपर्यंत मी सांभाळतो झंडी."

देवरावांनी जरा थांबून विचारलं, "चहा तं घे न भाऊ. मायाजवळ जोडी नाई."

"तुया भाटव्याजवळ हाये," लटारूभाऊ म्हणाले.